वीजबिलातली एक ओळ: हा आकार म्हणायचा की कर?

हा लेख वाचण्याआधी घरातलं एखादं जुनं वीजबिल शोधून समोर ठेवा. महावितरणचं असेल तर उत्तमच. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी दिसतील आणि त्यांच्या खाली वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. आपण सगळे थेट शेवटचा आकडा बघतो आणि पैसे भरून टाकतो. आज जरा शब्दांकडे बघा. ‘आकार’ नियामक आयोग ठरवतो आणि तो वीज कंपनीच्या हिशेबात जातो. ‘शुल्क’ विधिमंडळाने केलेल्या कायद्याने लागतं आणि ते राज्याच्या तिजोरीत जातं, कंपनी फक्त वसूल करून देते. कागद एक, शाई एक, पण पैशाला लागलेले हात वेगळे.

हा फरक मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात कळला, आणि तोही एक प्रकरण जवळजवळ लिहून झाल्यावर. म्हणून म्हटलं, तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात तर तुम्हाला आधीच सांगून ठेवावं.

माझा विषय असा: अमेरिकेतली राज्यं वीजबचतीचे कार्यक्रम ग्राहकांच्या बिलातून पैसे गोळा करून कसे चालवतात. गावी हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे ते एलईडी बल्ब वाटतात ते?’ हो, बल्बही. पण त्याखेरीज घराच्या भिंतीत आणि माळ्यावर ऊब धरून ठेवणारा थर भरणं, जुना फ्रिज उचलून नेणं, कारखान्यातल्या मोटारी बदलायला सवलत देणं, हीट पंपाला अनुदान, घरी येऊन कुठून वारा आत शिरतो हे तपासणं, असं बरंच काही. यातला मोठा भाग केंद्र सरकारच्या पैशावर चालत नाही, राज्याच्या अर्थसंकल्पातूनही नाही. तो चालतो बिलातल्या एका छोट्या ओळीवर. त्या ओळीचं नाव राज्याराज्यांत बदलतं: कुठे सार्वजनिक लाभ आकार, कुठे प्रणाली लाभ आकार, कुठे नुसतं ऊर्जा कार्यक्षमता आकार.

दुकानदाराने कमी विकावं, असं कसं?

पहिला प्रश्न कुणालाही पडेल. वीज विकणारी कंपनी वीज वाचवायला मदत का करेल?

आकडे काल्पनिक घेऊ. एका वितरण कंपनीचा तारा, खांब, रोहित्रं आणि कर्मचारी यांचा वर्षाचा खर्च 6 कोटी रुपये. वीज जास्त वापरली काय, कमी वापरली काय, हा खर्च फारसा हलत नाही. आयोगाने अंदाज धरला की वर्षात 3 कोटी युनिट विकले जातील, म्हणून या खर्चासाठी युनिटमागे 2 रुपये लावले. आता ग्राहकांनी 10 टक्के वीज वाचवली. विकले गेले 2 कोटी 70 लाख युनिट, मिळाले 5 कोटी 40 लाख रुपये. खांब तेवढेच, पगार तेवढेच, आणि 60 लाखांचा खड्डा. म्हणजे बचतीची प्रत्येक मोहीम कंपनी स्वतःच्या खिशाला कात्री लावून चालवते. अशा कंपनीने बचतीची जाहिरात केली तरी ती किती मनापासून करेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

कॅलिफोर्नियाने 1982 मध्ये यावर उपाय काढला. कंपनीचं मंजूर उत्पन्न आणि विकलेले युनिट यांची गाठ सोडवली. विक्री कमी झाली तर तूट पुढच्या दरात भरून मिळणार, जास्त झाली तर वरचे पैसे ग्राहकांना परत. कंपनीला विक्री वाढवण्यात रस उरला नाही. यामुळे कंपनी बचतीच्या प्रेमात पडते असं नाही, पण निदान आडवी येत नाही.

1970 च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर पुढची दहा-पंधरा वर्षं अमेरिकेत एक विचार रुजला होता: नवं वीजकेंद्र बांधण्यापेक्षा तेवढी वीज वाचवणं स्वस्त पडत असेल, तर आयोगाने कंपनीला आधी बचत ‘विकत घ्यायला’ सांगावं. तेव्हा वीज बनवणारी, वाहून आणणारी आणि घरात देणारी कंपनी बहुतेक ठिकाणी एकच असे. त्यामुळे हा हिशेब एकाच वहीत बसत होता.

मग 1990 च्या दशकात खासगी स्पर्धेचं वारं आलं. ग्राहकाने वाटेल त्या विक्रेत्याकडून वीज घ्यावी, असे कायदे राज्यं करू लागली. आता जी कंपनी बचतीवर खर्च करेल तिचा दर थोडा वर जाईल आणि ग्राहक शेजारच्या विक्रेत्याकडे पळेल. स्पर्धेच्या नुसत्या चाहुलीनेच कंपन्यांनी हात आखडते घेतले. 1993-94 च्या सुमाराला शिखरावर असलेला त्यांचा या कामावरचा खर्च 1998 पर्यंत जवळपास निम्म्यावर आला.

इथे ती बिलातली ओळ जन्माला आली. विचार साधा होता. विक्रेता कुणीही असो, घरात येणारी तार तर एकाच कंपनीची असते. मग बचतीचा पैसा विजेच्या दरात न घालता तारेच्या भाड्यात घाला, म्हणजे कुणालाच तो चुकवता येणार नाही. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. तिथे तार एका कंपनीची आणि वीज दुसरीची, अशी सोय घेतलेले ग्राहक आहेत, आणि विक्रेता बदलला तरी तारवाल्याचा वहन आकार काही सुटत नाही. कॅलिफोर्नियाने 1996 च्या कायद्यात, मॅसॅच्युसेट्सने 1997 च्या कायद्यात हीच युक्ती वापरली. न्यूयॉर्कमध्ये 1998 पासून अशी वसुली सुरू झाली, तीही कायद्याने नव्हे, आयोगाच्या आदेशाने. हा तपशील बारीक वाटेल, पण लक्षात ठेवा.

रक्कम किती? या क्षेत्रात ‘मिल’ हे एकक वापरतात. मिल म्हणजे सेंटचा दहावा भाग, डॉलरचा हजारावा. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात बचतीसाठी युनिटमागे 2.5 मिल होते. महिन्याला 600 युनिट वापरणाऱ्या घराला हे पडतात दीड डॉलर. एका कॉफीचेही पैसे नाहीत. पण राज्यातलं जवळपास प्रत्येक घर, दुकान आणि कारखाना दर महिन्याला भरतो, त्यामुळे साठणारी रक्कम कोट्यवधी डॉलरची होते. आणि कुणी मागणी करावी लागत नाही, अर्थसंकल्पाची वाट बघावी लागत नाही, ती आपोआप साठते.

साठलेल्या पैशाकडे कुणाचंतरी लक्ष जातंच.

माझी चूक

दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता बनवला होता. प्रत्येक राज्य, प्रत्येक वर्ष, बिलातून जमा झालेली रक्कम आणि त्या वर्षात वाचलेली वीज. प्रश्न असा की डॉलरमागे किती युनिट वाचतात, आणि वर्षानुवर्षं हे प्रमाण घसरतं का. सोपं फळ आधी तोडलं जातं, नंतर उंच फांद्या उरतात, असा माझा अंदाज. कनेक्टिकटचे आकडे अगदी हवे तसे आले. 2017 नंतर तिथे पैसा तेवढाच, बचत मात्र घटलेली. मी खुशीत दीड पान लिहून काढलं: या राज्यात सोपी बचत संपत आली आहे वगैरे.

गाईड मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘हा पैसा जमा झालेला आहे की खर्च झालेला?’

मी म्हटलं, तेच ना.

‘नाही. तेच नाही.’

झालं असं होतं. 2017 मध्ये कनेक्टिकटचा अर्थसंकल्प महिनोन्‌महिने रखडला होता. ऑक्टोबरअखेर तो मंजूर झाला तेव्हा तूट भरून काढायला विधिमंडळाने वीजबचतीच्या निधीतून वर्षाला 6 कोटी 35 लाख डॉलर, दोन वर्षांत मिळून 12 कोटी 70 लाख डॉलर, राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत वळवायचं ठरवलं. स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणाऱ्या राज्याच्या ग्रीन बँकेचे दोन वर्षांचे 2 कोटी 80 लाख वेगळेच. ग्राहक ती ओळ पूर्वीसारखीच भरत राहिले. माझ्या तक्त्यात जमेचा रकाना भरलेला दिसत होता, आणि कामं मात्र थांबली होती. घरं तपासणारे छोटे कंत्राटदार माणसं कमी करत होते. सोप्या फळांशी त्याचा काही संबंध नव्हता. टोपलीच उचलून नेली होती.

ते दीड पान मी फाडून टाकलं असं लिहायला छान वाटलं असतं. प्रत्यक्षात ती फाइल अजून आहे, ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये. अधूनमधून उघडून बघतो.

या वळवावळवीविरुद्ध काही ग्राहक, बचतीची कामं करणारे व्यावसायिक आणि संस्था 2018 मध्ये संघराज्याच्या न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं: वीजदराचं पत्रक हा आमचा आणि कंपनीचा करार आहे, त्यात हा पैसा बचतीसाठी आहे असं लिहिलंय, तो काढून घेऊन राज्याने करार मोडला. अमेरिकेच्या राज्यघटनेत राज्यांनी करारांना बाधा आणू नये असं कलम आहे, त्याचा आधार घेतला होता. त्याच वर्षी ते हरले आणि 2020 मध्ये अपिलातही हरले. पैसा भरल्यानंतर त्याचं पुढे काय व्हावं यावर दरपत्रकाने ग्राहकाला कराराचा हक्क दिलेला नाही, असा निकालाचा रोख होता.

मला हा निकाल कायदा म्हणून चुकीचा वाटत नाही. पण त्यातून जे उघडं पडतं ते बोचरं आहे. बिलावर लिहिलेलं नाव हे वचन नसतं. लाखो लोक एका कामाच्या नावाने पैसे भरतात, आणि ते काम व्हावं यावर त्यांचा हक्क नसतो.

आकार की कर?

कॅलिफोर्नियात हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. तिथली ओळ 1996 च्या कायद्यातून आली होती आणि तिची मुदत 2011 अखेर संपत होती. दरम्यान 2010 मध्ये मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला, त्याने ‘कर’ या शब्दाची व्याख्या रुंदावली. कर म्हटलं की विधिमंडळात दोन तृतीयांश मतं हवीत. 2011 मध्ये मुदतवाढीला तेवढी मतं जमली नाहीत आणि ओळ बंद पडली.

पण बचतीचे कार्यक्रम बंद पडले नाहीत! कारण तोपर्यंत आयोग बचतीचा मोठा हिस्सा दुसऱ्या वाटेने देऊ लागला होता. वीज खरेदीचा खर्च दरात धरतात तसाच बचतीच्या ‘खरेदीचा’ खर्चही दरात धरायचा. त्याला विधिमंडळाची मतं लागत नव्हती. संशोधनासाठीचा पैसा मात्र अडकला. तेव्हा आयोगाने स्वतःच्या अधिकारात वर्षाला 16 कोटी 20 लाख डॉलरचा नवा आकार लावला. एक मोठी वीज कंपनी न्यायालयात गेली: हा मागच्या दाराने लावलेला कर आहे. 2014 मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची बाजू घेतली. हा नियमनाचा आकार आहे, कर नव्हे.

आता दोन्ही राज्यं शेजारी ठेवा. कॅलिफोर्नियात ‘हा कर नाही’ म्हटल्याने पैसा वाचला. कनेक्टिकटमध्ये कुणी कर म्हटलं नव्हतं, आणि तरी तो करासारखा वापरला गेला. म्हणजे नाव पुरेसं नाही. मग काय पुरेसं आहे? माझ्या प्रबंधाचा गाभा आता हाच आहे आणि माझं उत्तर सध्या असं: पैसा कुणाच्या खात्यात, किती दिवस पडून राहतो, ते बघा.

विस्कॉन्सिनचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं, कारण त्यांनी ठेच खाऊन रस्ता बदलला. तिथे 1999 च्या कायद्याने सार्वजनिक लाभ निधी आला आणि पैसा राज्य सरकारच्या हातून जात असे. पुढच्या काही अर्थसंकल्पांत त्यातला मोठा भाग तूट भरायला गेला. मग 2006 मध्ये नवा कायदा झाला: कंपन्यांनी महसुलाच्या 1.2 टक्के रक्कम बाजूला काढायची आणि कार्यक्रम चालवणाऱ्याशी स्वतःच करार करायचा. पैसा सरकारच्या हाताला लागतच नाही, आयोग फक्त देखरेख ठेवतो. कार्यक्रमाचं नाव तेच राहिलं, पाणी मात्र दुसऱ्या पाटाने गेलं.

व्हरमाँट या छोट्या राज्याने हे सुरुवातीपासूनच जपलं. तिथे 2000 साली फक्त वीज वाचवणं हेच काम असलेली एक ‘वीज कंपनी’ उभी राहिली, एफिशियन्सी व्हरमाँट. निधी आयोगाने नेमलेल्या स्वतंत्र खजिनदाराकडे असतो, आणि हा पैसा राज्याच्या सर्वसाधारण देण्यांसाठी वापरता येणार नाही असं कायद्यातच लिहिलंय. ओरेगनने 2002 पासून बिलाच्या 3 टक्के घेतले आणि त्यातला मोठा भाग सरकारबाहेरच्या एका ना-नफा संस्थेला दिला. 2021 च्या कायद्याने तिथे टक्का अर्ध्यावर आणला आणि बचतीचा खर्च थेट दरांत नेला, म्हणजे तेही कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागले.

याचा अर्थ सरकारबाहेर ठेवलं की सगळं आलबेल असंही नाही. विधिमंडळाची नजर नसलेल्या पैशाला जाब कोण विचारणार, हा प्रश्न खरा आहे. निवडून आलेल्या लोकांनी अडचणीच्या वर्षी पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवला तर त्याला सरसकट चोरी म्हणणं मला जमत नाही. पण मग तो कर आहे असं उघड म्हणावं, आणि कर म्हणून आकारावा. विजेच्या युनिटवर लावलेला कर उत्पन्न बघत नाही. गरीब घराच्या महिन्याच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असतो, म्हणून टोचतो त्यालाच जास्त.

वाचलेली वीज मोजायची कशी?

इथे थोडक्यात सांगतो, कारण याच्यावर वेगळा लेख लागेल. वाचलेली वीज मीटरवर दिसत नाही. दिसते ती वापरलेली. जी वापरली नाही तिचा अंदाज करावा लागतो, आणि अंदाज करणाऱ्याला बहुतेकदा कार्यक्रम चालवणाराच पैसे देतो. शिवाय फुकटे असतात: ज्यांनी नवा फ्रिज तसाही घेतलाच असता, त्यांनी सवलतही घेतली. त्यांची बचत कार्यक्रमामुळे झाली म्हणायची का? उलट, शेजाऱ्याचं बघून विनासवलत बदल करणारेही असतात, ते हिशेबात येतच नाहीत.

लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने ग्राहकांच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांचे 2009 ते 2015 चे आकडे एकत्र केले, त्यात कार्यक्रम चालवणाऱ्याला एक युनिट वाचवायला सुमारे अडीच सेंट पडले. हे स्वस्त आहे. पण त्यात ग्राहकाने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे नाहीत, आणि बचतीचे आकडे कार्यक्रमांनी स्वतःच कळवलेले आहेत. दुसऱ्या टोकाला फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्रम यांचा 2018 मधला मिशिगनचा अभ्यास. सुमारे 30 हजार घरांवर केलेल्या प्रयोगात, गरीब घरांच्या दुरुस्तीतून प्रत्यक्ष झालेली बचत आधी वर्तवलेल्या बचतीच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघाली. लक्षात घ्या, तो कार्यक्रम केंद्राच्या पैशावर चालणारा होता, बिलातल्या आकारावर नव्हे. वर्तमानपत्रांनी दोन्ही एकाच पिशवीत घातले, तुम्ही घालू नका. आणि आणखी एक गंमत: फुकट दुरुस्ती मिळणार असं घरोघर जाऊन सांगूनही 6 टक्क्यांपेक्षा कमी घरं पुढे आली. अर्ज भरणं, कागद जोडणं, कुणालातरी घरात येऊ देणं, याचीही किंमत असते. आपल्याकडे कुठलीही सरकारी योजना जवळून बघितलेल्याला याचं नवल वाटणार नाही.

म्हणून तीन रकाने कायम वेगळे ठेवा: जमा, खर्च, बचत. मी दोन एकत्र केले आणि सहा महिने घालवले.

ओळ दिसली की डोळ्यात येते

मी राहतो ते घर भाड्याचं आहे, कनेक्टिकटमध्येच. चार जणांत बिल वाटून घेतो. बचतीच्या ओळीत कायद्याने आधी 3 मिल होते, 2013 च्या कायद्याने आणखी 3 मिलपर्यंत मुभा मिळाली. महिन्याला 700 युनिट धरले तर 4 डॉलर 20 सेंट. माळ्यावर थर भरून घ्यायला याच पैशातून सवलत मिळते, पण भिंत आणि माळा घरमालकाचा, सही त्याची लागते. बिल आम्ही भरतो, त्याला कशाची घाई? दोन हिवाळे झाले, सही अजून झालेली नाही. भाडेकरू ओळ भरतात, लाभ बहुतांशी स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या पदरात पडतो. या तक्रारीवर राज्यांनी कमी उत्पन्नाच्या घरांसाठी वेगळे हिस्से ठेवले आहेत, पण घरमालकाच्या सहीवर अजून कुणाला चांगला तोडगा सापडल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

2024 च्या जुलैमध्ये इथली बिलं एकदम फुगली. 2023 च्या एका कायद्यामुळे बिलावर ‘सार्वजनिक लाभ’ असा वेगळा गट छापला जात होता, आणि वाढ नेमकी त्या गटात दिसत होती. लोक चिडले, हा गटच काढून टाका अशी मागणी झाली. खरं तर वाढीचं मुख्य कारण होतं मिलस्टोन अणुवीज केंद्राशी केलेला दीर्घ मुदतीचा खरेदी करार आणि कोविडच्या काळात वीज तोडायला बंदी असताना थकलेली बिलं. बचतीचा आकार त्या गटातला एक घटक होता, पण नाव एकच असल्यामुळे ओरडा त्याच्याही वाट्याला आला. ग्राहकाला कळावं म्हणून बिल सुटसुटीत केलं, आणि तेच निशाण झालं. आता 2025 मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्येही बिलांवरून नाराजी वाढली तेव्हा नियामक विभागाने तीन वर्षांच्या जवळपास 5 अब्ज डॉलरच्या बचत आराखड्यातून 50 कोटी डॉलर कापले.

ओहायोत तर एक ओळ काढून दुसरी घातली गेली. 2019 च्या कायद्याने बचतीची सक्ती गुंडाळली आणि त्याच कायद्याने अणुकेंद्रांना ग्राहकांच्या बिलातून अनुदान दिलं. मागाहून त्यामागचं सुमारे 6 कोटी डॉलरचं लाचप्रकरण बाहेर आलं. ती वसुली सुरू होण्याआधीच थांबली, 2021 मध्ये अनुदान रद्द झालं, विधानसभेचे माजी अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर 2023 मध्ये दोषी ठरले. बचतीची सक्ती मात्र त्याबरोबर परत आली नाही.

आता तुमच्यासमोरच्या बिलाकडे परत या. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2010 मध्ये मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे डीएसएमचे, विनियम केले. कंपन्यांनी बचतीच्या योजना आखायच्या, आयोगाची मंजुरी घ्यायची, आणि खर्च वार्षिक महसुली गरजेत धरून दरातून वसूल करायचा. म्हणजे आपल्याकडेही बचतीचा पैसा ग्राहकच देतो, पण त्याची वेगळी ओळ बिलावर नाही. तिजोरीत वळण्याची भीती कमी, आणि कुणाच्या डोळ्यात येण्याचीही. पण मग तो मंजूर किती झाला आणि खर्च किती झाला, हे विचारायचं कुणाच्या लक्षात राहतं?

तुम्हाला संशोधनाचा छोटा सराव हवा असेल तर हा घ्या. तुमच्या कंपनीची दरनिश्चितीची याचिका आणि त्यावरचा आयोगाचा आदेश दोन्ही संकेतस्थळावर असतात. जाडजूड असतात, घाबरू नका, ‘डीएसएम’ शोधा. मंजूर खर्च एका रकान्यात लिहा. मग दोन-तीन वर्षांनंतरचा, मागचा हिशेब जुळवणारा आदेश उघडा आणि प्रत्यक्ष खर्च दुसऱ्या रकान्यात लिहा. दोन्ही आकडे सारखे नसतील तर लगेच सिद्धान्त मांडू नका. आधी टोपली जागेवर आहे का ते बघा.